झेनोबने बाद केलेली बिअर

ओब्रील गावात झेनोब वाक्के नावाचा माणूस दिसेल त्याला नंबर देत असे. चर्चमधलं प्रवचन संपून लोक बाहेर पडले की हा दारातच जाहीर करायचा, "ईस्टरनंतरचं चौथं." शेजाऱ्यांची कुंपणं, बेकरीतले पाव, लग्नातली भाषणं, कशालाच सुटका नव्हती. कुणाला दफनभूमीत पोहोचवून आल्यावर कॉफी पिताना कुणीतरी त्याला हळूच विचारायचंच, "काय झेनोब, कितवी?" आणि तो खरोखर कपाळाला आठ्या घालून विचार करायचा. लोक त्याला हसत. पण आपलं कुंपण पहिल्या तिनात यावं म्हणून मे महिन्यात सगळं गाव कात्री घेऊन बाहेर असे, हेही खरं.

दोष त्याचा नव्हता, कबुतरांचा होता. रविवारी पहाटे दूर फ्रान्समध्ये शर्यतीच्या पेट्या उघडायच्या आणि पाखरं घराकडे सुटायची. पाखरू खुराड्यात शिरलं की त्याच्या पायातली रबरी कडी काढून घड्याळात टाकायची. घड्याळ त्या क्षणाचा शिक्का मारतं. एकदा कडी आत पडली की देव आला तरी वेळ बदलत नाही. गावातली सगळी घड्याळं लावायचं आणि उघडायचं काम झेनोबकडे होतं. तरुणपणापासून पहिला कोण, दुसरा कोण हेच बघत आलेल्या माणसाने जगाकडे दुसऱ्या कुठल्या डोळ्यांनी बघायचं?

लग्न त्याने केलं नव्हतं. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मुली नंबरवारीत अडकल्या असं ऑनोरे कॅफेवाला म्हणायचा. पण रविवारचं जेवण मात्र त्याचं लेओना द्युब्रूलकडे ठरलेलं. लेओना विधवा होती. तिचा नवरा गास्ताँ कबुतरांच्या नादातला झेनोबचा जोडीदार. गास्ताँ गेला त्यानंतरच्या रविवारी त्याची पाखरं घरी पोहोचली, हे सांगायला झेनोब टोपी हातात धरून तिच्या दारात उभा राहिला. तिने एक ताट जास्तीचं मांडलं. ते पुढे कधी उचललं गेलं नाही. गावाने पहिली दोन वर्षं या ताटावर भरपूर चर्चा केली आणि काहीच घडेना म्हणून कंटाळून सोडून दिली.

पॉपलरची झाडं कोणत्या बाजूला वाकलीत ते बघून लेओना बटाटे चुलीवर चढवायची. वारा समोरून असेल तर पाखरं उशिरा येणार, म्हणजे झेनोब उशिरा. तो आला की आलुबुखार घातलेला ससा वाढायची.

"आजचा दुसरा," तो पहिल्या घासालाच म्हणायचा.

"आणि पहिला कधीचा?"

"गेल्या पानगळीतला."

"त्यात मीठ जास्त झालं होतं, मेल्या."

"म्हणूनच."

सोबत मातीच्या मगात तिने घरीच केलेली सेझों नावाची बिअर असायची. आईच्या कपडे उकळायच्या तांब्याच्या मोठ्या भांड्यात ती हिवाळ्यात करायची, तळघरात ठेवायची आणि उन्हाळाभर काढायची. झेनोब ती प्यायचा, मिशा पुसायचा आणि म्हणायचा, "सेझों म्हणजे ही. बाकी सगळं धुवण." एवढं बोलून तो मग पुढे करायचा आणि कबुतरांवर घसरायचा.

त्या साली शेजारच्या गावाने जत्रेत चीजची स्पर्धा ठेवली. मग ओब्रीलला गप्प बसणं शक्यच नव्हतं. ऑनोरेने ठरवलं, आपण उत्तम सेझोंची स्पर्धा घ्यायची. पंच कोण, हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही.

"आधी व्याख्या," झेनोब कॅफेत टेबलावर बोट आपटून म्हणाला. "सेझों म्हणजे काय ते ठरल्याशिवाय नंबर कसले? कबुतरांच्या शर्यतीत आपण कोंबडी सोडतो का?"

"तुझी पळाली असती तर सोडली असतीस," मार्सियाल म्हणाला. त्याची बिअरची भट्टी पेट्रोल पंपाच्या मागे होती आणि आवाज गावभर.

झेनोबने तिकडे लक्ष दिलं नाही. "सेझों म्हणजे हिवाळ्यात करून ठेवलेली, उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांना द्यायची बिअर."

"मी बारा महिने करतो. मग मे महिन्यात मी काय, रॉकेल गाळतो?"

"पंपामागे होते, तेव्हा शंका येतेच," पाणचक्कीवाल्या दोघा भावांपैकी थोरला म्हणाला.

"बरं, मग शेतावर केलेली असं म्हणू," ऑनोरे म्हणाला. त्यात मार्सियाल पुन्हा बाद झाला आणि खुर्ची मागे सारून उभा राहिला. त्याला बसवून झेनोबने 'गोडवा नसलेली' असं म्हणून पाहिलं, तर पाणचक्कीवाले दोघेही टोपी घालायला लागले, कारण त्यांची मधासारखी गोड. 'मसाला नको' म्हणावं तर पाद्रीबाबांच्या बहिणीची बाद होत होती. ती धने आणि संत्र्याची साल घालायची. चर्चमधले पुढचे बाक कुणाला द्यायचे ते तीच ठरवायची, त्यामुळे तो शब्द कुणी मोठ्याने उच्चारला नाही. शेवटी 'हलकी' हा शब्द आला आणि सगळेच बाद झाले. आजोबांच्या काळी ती पाण्यासारखी असे, म्हणून तर माणसं दुपारीसुद्धा विळा धड चालवू शकत. आता तसली कुणी विकत घेईना. घरं तितक्या सेझों, आणि प्रत्येकाची तीच खरी.

लेओना अंडी द्यायला आली होती. टोपली रिकामी करता करता ती म्हणाली, "एवढं काय डोकं फोडताय? ज्या मगाकडे हात आपण होऊन परत जातो ती सेझों."

सगळे हसले.

"हात मोजता येत नाही, लेओना," झेनोब समजुतीच्या सुरात म्हणाला. मग ऐटीत खुर्चीला टेकला. "व्याख्या राहू दे. खरी कशी असते ते मला ठाऊक आहे. या पंचक्रोशीत एकाच घरात उरली आहे ती. डोळे बांधून ओळखीन."

लेओनाचे कान लाल झाले. ते झेनोबला दिसले नाहीत, ऑनोरेला दिसले. कॅफे चालवणाऱ्याला माणसाचे कान वाचता यावे लागतात. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दाराने आली आणि आपलंही नाव घे, पण त्याला सांगू नकोस, असं म्हणाली. आयुष्यात तिने कसल्याच स्पर्धेत भाग घेतला नव्हता. पण इतकी वर्षं प्रत्येक रविवारी एखादा माणूस एकच गोष्ट सांगत असेल, तर ती एकदा चारचौघांत ऐकावी असं बाईला वाटलं, यात काय चुकलं?

झेनोबने न्यायासाठी जिवाचं रान केलं. चारही बिअर ऑनोरेकडून एकसारख्या झाकणाच्या किटल्यांत भरून घेतल्या, म्हणजे कुणाची कोणती ते पंचाला कळू नये. एकीला ऊन लागायचं आणि दुसरीला नाही असं नको, म्हणून रात्रभर खाटकाच्या शीतपेटीत ठेवल्या. मातीचे मग बंद. पाद्रीबाबांकडून वाइनचे पातळ काचेचे ग्लास आणले. जीभ शुद्ध राहावी म्हणून त्याने सकाळपासून पावाचा तुकडासुद्धा खाल्ला नव्हता. कोटाला कबुतरमंडळाचा बिल्ला लावून तो तंबूत उभा राहिला तेव्हा लग्नातल्या नवऱ्यापेक्षा रुबाबदार दिसत होता. कोपऱ्यात लेओना निळ्या पोशाखावर ॲप्रन बांधून फळांची तार्त कापत होती. तो निळा पोशाख तिने गास्ताँ असतानाचा जपून ठेवलेला होता.

पहिल्या तीन बिअरना त्याने एकेक मार्मिक वाक्य दिलं. मग चौथा ग्लास उजेडाकडे धरून तो गंभीर झाला.

"ही गढूळ आहे," तो म्हणाला. "वासच नाही, आणि जो आहे तो ओल्या पोत्याचा." त्याने घोट घेतला. "शेवट कडू. मित्रहो, नंबर देण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ही सेझोंच नव्हे. मी ही बाद करतो." लोक हसले तसा त्याला जोर चढला. पुन्हा एक घोट. "ज्या कुणी केली असेल त्याने ती डुकरांना घालावी, आणि डुकरांनी तक्रार केली तर त्यांना माझ्याकडे पाठवावं!"

तंबू खदखदला. त्यानंतर खरी सेझों कशी असावी यावर त्याचं भाषण सुरू झालं. बोलताना घसा कोरडा पडला की तो ग्लास उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. तार्त कापणारी सुरी केव्हाच थांबली होती.

"पंच," मार्सियाल मध्येच ओरडला, "बाद केलेली बिअर संपली की!"

झेनोबने खाली पाहिलं. पहिले तीन ग्लास जवळजवळ भरलेले होते. चौथ्याच्या तळाशी फक्त फेस होता.

"तोंड साफ करायला घेतली," तो म्हणाला.

ऑनोरेला नावं वाचणं भाग होतं. पहिला नंबर पाद्रीबाबांच्या बहिणीचा आला, पण ते आज कुणाला आठवत नाही. चौथं नाव त्याने इतक्या हळू वाचलं की मागच्यांना ते पुढच्यांना विचारावं लागलं. हसलेल्या लोकांना आपण कुठे बघावं ते कळेना.

"बदल निकाल," ऑनोरे त्याच्या कानात म्हणाला. "म्हण, ग्लास अदलाबदल झाले."

झेनोबचा चेहरा मैद्यासारखा पांढरा पडला होता. "शिक्का पडला," तो कसाबसा म्हणाला.

"बरोबर आहे," लेओना म्हणाली. तिने सुरी ॲप्रनला पुसली. "बदलू नकोस. दयेचा नंबर घेऊन मी काय करू? डुकरांना देते आणि काय म्हणतात ते विचारते." ती तार्तचं ताट तिथेच ठेवून निघून गेली.

तो आठवडा झेनोबला फार वाईट गेला. गार बिअर, पातळ काच, रिकामं पोट, सगळे नियम त्याचेच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच्याच शब्दांवर विसंबून तिने एवढी हिंमत केली आणि त्यानेच तिला गावासमोर डुकरांच्या रांगेत बसवलं. तिच्या दारात पुन्हा कुठल्या तोंडाने उभं राहायचं हे त्याला सुचत नव्हतं, आणि उभं नाही राहिलं तर उरलेल्या आयुष्यातल्या रविवारांचं काय करायचं हेही सुचत नव्हतं. गावात एकाने गमतीने विचारलं, "झेनोब, माझं कुंपण कितवं?" तर तो म्हणाला, "चांगलं आहे." माणूस घाबरून घरी गेला.

रविवार आला. वारा मागून होता. झेनोब अंगणात घड्याळ समोर ठेवून बसला होता, पण त्याची नजर आभाळावर नव्हती, टेकाडावरच्या लेओनाच्या धुराड्यावर होती. धूर निघाला. बटाटे एकाचे असतील की दोघांचे, हे धुरावरून ओळखता येत नव्हतं.

इतक्यात निळी आली. ही त्याची लाडकी मादी, कधीही पहिली न आलेली. ती थेट खुराड्यात उतरली. बाकीचं आभाळ अजून रिकामं होतं. झेनोबने सवयीने तिच्या पायातली कडी काढली आणि कडी हातात घेऊन नुसता बसून राहिला.

"झेनोब! घड्याळ! अरे, घड्याळात टाक!" शेजारी भिंतीवरून ओरडला.

झेनोबने कडी खिशात टाकली आणि टेकाडाची वाट धरली.

लेओना चुलीपाशी होती. टेबलावर एकच ताट होतं.

"वारा मागून आहे, तरी इतक्या लवकर?" ती मागे न बघता म्हणाली.

"घड्याळाला लावलं नाही."

ती वळली. "कोण आली?"

"निळी."

"पहिली?"

"आली असती. आता कोण म्हणणार." त्याने कडी टेबलावर ठेवली.

लेओना कडीकडे बघत राहिली. तिने कबुतरवाल्याशी संसार केला होता. गास्ताँने एकदा आजारी सासूला सोडून कडी घड्याळात टाकली होती. "वेडा झालास का रे?" ती म्हणाली.

"लेओना, सशाला मी नंबर देत आलो, कारण ससा कधी असा होतो, कधी तसा," झेनोब म्हणाला. टोपी त्याच्या हातात चुरगळत होती. "तुझ्या मगाकडे मी कधी नीट पाहिलंच नाही. तो असणारच, हे धरून चाललो. डोळे बांधून ओळखीन म्हणालो आणि उघड्या डोळ्यांनी ओळखली नाही. मला त्याची लाज वाटते. या आठवड्यात पाणी प्यायलो, कॉफी प्यायलो, पण तहान गेली नाही."

लेओनाने ससा ढवळला. "ती बिअर मी डुकरांना घातली. पंचांचा निकाल होता."

"सगळी?"

"तक्रार नाही केली हं त्यांनी. तुझ्याकडे कुणी आलं का?"

"नाही."

"मग. त्यांना कळते." ती तळघरात उतरली आणि बऱ्याच वेळाने भरलेला मग घेऊन वर आली. "डुकरांचं पोट भरलं तरी एक पिंप उरलं." तिने तो त्याच्यासमोर ठेवला, फडताळातून दुसरं ताट काढून मांडलं. मग टेबलावरची कडी उचलली आणि खिडकीतल्या गास्ताँच्या रिकाम्या मगात टाकली. आत बारीक आवाज झाला.

"पडला शिक्का," ती म्हणाली. "आता दर रविवारी यावंच लागेल, वारा कसाही असो. बस, निवतंय."

झेनोब बसला. पहिला घास घेण्याआधीच त्याचा हात मगाकडे गेला होता. सशात मीठ थोडं जास्त झालं होतं, पण नंबर त्याने सांगितला नाही आणि तिनेही विचारला नाही.