चुलवाणाकडे तोंड

लेकीनं मोबाइलवर एका दूरच्या ग्रहाचं काल्पनिक चित्र दाखवलं. त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे, तिथं खडक वितळून समुद्र झालेला. दुसऱ्या बाजूला कायमचा अंधार.

मला माझे वडील, अण्णा आठवले. थंडीत गुऱ्हाळावर ते पहाटेपासून रस उकळायच्या काहिलीखालच्या चुलवाणाकडे तोंड करून बसायचे आणि उसाची चिपाडं आत सारत राहायचे. चेहरा लालबुंद व्हायचा. मी मागून त्यांच्या पाठीला गारठलेले हात लावायची. "काढ की गं, पोरी," म्हणायचे, पण सरकायचे नाहीत.

"मागची बाजू गारच असेल ना?" मी लेकीला विचारलं.

"तसं नाही गं, आई. आतली उष्णता तिकडंही पोचते. अंधारातही ज्वालामुखी असतील म्हणतात."

असणारच. अण्णांची पाठ मला कधी गार लागली नाही.