गादीवर मुतणारा बोका

पेशंट मुतल्याशिवाय भाई कुणाच्याच घरी चहा घ्यायचे नाहीत. कप समोर ठेवला की दोन बोटांनी बाजूला सारायचे आणि म्हणायचे, "नक्को. आधी पेशंट, मग चहा." म्हैस असो, शेळी असो, कुणाचं कुत्रं असो. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. भाईंना त्याचं काही नव्हतं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर ड्रेसिंगचं काम केलं. कुणी डॉक्टर म्हटलं तर लगेच दुरुस्त करायचे, "मी डॉक्टर नाय. डॉक्टर सुई मारतो तवा मी जनावर धरतो. लाथ मला बसती."

आता भाई नाहीत. नाव लिहीत नाही. आमच्या चिकलठाण्याच्या गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारलीही नाही. सगळ्यांचे ते भाई. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याच्याकडं माणसं जनावर घेऊन जातात आणि स्वतःचं दुखणंही सांगून येतात.

माझी त्यांची ओळख बोक्यामुळं झाली. बोका आमचा नव्हता. एक दिवस जिन्यातून वर आला आणि राहिला. मुलगा बिडकीनला कंपनीत जातो, सून शाळेत शिकवते. दिवसभर घरात मी आणि तो. मी त्याचे लाड केले नाहीत. नावसुद्धा ठेवलं नाही. पण दुपारी बोलायला दुसरं कोण होतं? मी बडबडायची, तो ऐकायचा, पटलं नाही की उठून जायचा. माझं बरं चाललं होतं.

सुनेनं त्याच्यासाठी न्हाणीत वाळूचा ट्रे ठेवला होता. वर्षभर तो शहाण्यासारखा तिथं गेला. मग काय झालं कुणास ठाऊक, एक दिवस पायपुसणीवर मुतला. मग मुलाच्या कंपनीच्या बुटात. मग माझ्या गादीवर. मी फिनाईलनं फरशी घासली, तर त्याच जागी परत. मी त्याला धरून त्याचं तोंड त्या ओल्यात घासलं. आमच्याकडं असंच करतात. खराट्यानंही दोनदा मारलं. तिसऱ्या आठवड्यात तो मुलाच्या पलंगावर मुतला, आणि मुलानं सांगून टाकलं, "आई, बास झालं. रविवारी याला बिडकीनला कंपनीच्या गेटाशी सोडून येतो. तिथं उंदीर लई हायेत."

मी म्हटलं, "सोड." दुसरं काय म्हणणार? घर त्याचं.

शनिवारी सकाळी मात्र पायात चपला घातल्या आणि भाईंच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून शेळीचा खूर कापत होते. मी सांगितलं, बोका बिघडलाय. ते म्हणाले, "बाई, माणूस बिघडतो. जनावर नाय बिघडत. चला."

घरात आल्या आल्या भाईंनी चष्मा काढून खिशात ठेवला, गुडघ्यावर बसले आणि गादीला नाक लावलं. माझी सून त्या दिवशी सुट्टीमुळं घरी होती, तिनं तोंड फिरवलं. मग फरशीला नाक लावलं. मग ट्रेला. पोलीस चौकशी करतात तशी माझी चौकशी सुरू झाली.

"ट्रे कवा धुता?"

"पाणी येतं त्या दिवशी."

"म्हंजी आठ दिवसांनी. तुम्ही आठ दिवस न धुतलेल्या संडासात जाल का, बाई?"

सून हसली. मला राग आला. तुम्हाला इथलं पाणी ठाऊक आहे. आठवड्यानं येतं, कधी त्याहून उशिरा. सगळ्या बिल्डिंगीत पाणी पुरवून वापरण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढचं पाणी यायच्या दिवशीही माझा अर्धा ड्रम भरलेला असायचा. बाया येऊन बघून जायच्या.

"अन् हा पाणी किती पितो?"

"वाटीभर."

"कोणती वाटी? दाखवा."

मी वरणाची वाटी आणून दाखवली. तीही मी अर्धीच भरायची. बोक्याला कशाला लागतं जास्त? उरलेलं मी मोगऱ्याला घालायची.

भाई वाटीकडं बघत बसले. मग त्यांनी बोक्याला पलंगाखालून काढलं. मला ओरबाडणारा तो बोका त्यांच्या हातात गप्प झाला. त्यांनी त्याच्या पोटाखाली बोटं घातली आणि माझा हात धरून तिथं लावला. आत लिंबासारखा टणक गोळा होता.

"हे मूत हाय, बाई. आत अडकलंय. थेंब थेंब येतंय. पाणी कमी म्हणून ते दाट झालंय, आग होती त्याला. ट्रेमधी बसला की दुखतं, तर त्याला वाटतं ट्रेच दुखवतो. म्हणून मऊ जागा हुडकतो. तुम्हाला वाटलं मस्ती करतो."

मी म्हटलं, "मी मारलं त्याला."

"हौ," भाई म्हणाले. "सगळेच मारतात."

"जाऊ द्या, तुम्हाला काय ठाऊक," असं ते म्हणतील असं मला वाटलं होतं. भाई तसलं खोटं बोलायचे नाहीत.

सुनेनं चहा आणला. भाईंनी कप सारला आणि उठले. "आत्ता न्यायचा. उद्यापर्यंत राहायचा नाय हा." बोक्याला भाजीच्या पाटीत घातलं, वर दुसरी पाटी उपडी घालून ओढणीनं बांधली, आणि आम्ही रिक्षानं दवाखान्यात गेलो. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, कोंबडी हाय का?" भाई म्हणाले, "शेर हाय. चूपचाप चलाव."

डॉक्टरनं बारीक नळी घातली. भाईंनी बोका धरला. लाल पाणी वाहायला लागलं आणि वाहतच राहिलं. भाईंच्या तोंडावर असं समाधान, की जणू नातवाचं बारसं आहे. बाहेरच्या टपरीवर त्यांनी एकामागून एक दोन कप चहा घेतला.

रविवारी मुलगा उठला तेव्हा बोका खुर्चीखाली पडलेला, सुईसाठी एका पायाचे केस कापलेले. मुलगा उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग बाजारात गेला आणि मोठा ट्रे घेऊन आला.

भाई आठ दिवस रोज येऊन बघून जायचे. फिनाईल बंद केलं. "त्याचा उग्र वास अन् मुताचा वास त्याला सारखाच. तुम्ही घासता, त्याला वाटतं हीच जागा." गादी साबणानं, मग सिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या पाण्यानं धुवायची आणि उन्हात टाकायची. ट्रे रोज साफ करायचा. पाण्याचे दोन भगुणे, दोन खोल्यांत, काठोकाठ. बोका पुन्हा गादीवर मुतला नाही. माझा अर्धा ड्रम मात्र कायमचा गेला. बाया यायच्या बंद झाल्या.

त्यानंतर वर्षभरानं भाई दिसेनासे झाले. मी गेले तर ओट्यावरच बसलेले, पण कामाला हात नाही. मला दिलेलं पाणी मी त्यांच्यापुढं केलं तर म्हणाले, "नक्को बाई, आत्ताच पिलो." भिंतीवर गादी वाळत टाकलेली होती. चार दिवसांनी गेले तरी गादी भिंतीवरच.

भाईंची सून शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत होती. चांगली बाई, मरमर काम करणारी. ती पाय न थांबवता म्हणाली, "आक्का, आता काय सांगू? मुद्दाम करतात. उठायचा कंटाळा. आठ दिवसांनी पाणी येतं, अन् मी काय रोज गादी धुऊ?"

भाई ऐकत होते. जन्मभर लोकांच्या गाद्यांना नाक लावणारा तो माणूस खाली मान घालून पायाच्या नखाकडं बघत होता.

मला गुळमुळीत बोलता येत नाही. मी समोर बसले आणि विचारलं, "भाई, पाणी किती पिता?"

"पितो की."

"कोणत्या ग्लासानं? दाखवा."

ते हळूच म्हणाले, "बाई, शरम वाटती. पाणीच नाय पिलं तर भिजणार नाय, असं वाटलं."

"दुखतं का?"

त्यांनी मान हलवली. हो म्हणून.

मी त्यांच्या सुनेकडं वळले. "हे मुद्दाम करत नाहीत. यांना दुखतंय. मी एका मुक्या जिवाला यासाठी खराट्यानं मारलं होतं, तेव्हा यांनीच मला सांगितलं. आता तू मशीन बंद कर."

तिचा पाय थांबला. तिनं सासऱ्याकडं बघितलं, आणि मला वाटतं कितीतरी महिन्यांनी नीट बघितलं. "अब्बा, बोलायचं ना," एवढंच म्हणाली. त्याच दुपारी रिक्षा आली. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची गाठ वाढून लघवीची वाट अडलीय, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. ऑपरेशन झालं. त्यानंतर भाई दीड वर्ष होते. गेले ते झोपेत, कोरड्या गादीवर. त्यांच्या सुनेनं हे मला मुद्दाम सांगितलं, आणि सांगताना रडली.

पण मला भाई दिसतात ते दवाखान्यातले, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचे. मी गेले तेव्हा खाटेवर उठून बसलेले. चष्मा काढलेला, आणि खाटेला लावलेली लघवीची पिशवी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरलेली. नर्स धावत आली, "चाचा, हात लावू नका त्याला!"

"बेटी, रंग बघतोय," भाई म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "साफ हाय, बाई."

त्यांनी हात पुढं केला. त्यांच्या सुनेनं पाण्याची बाटली दिली. भाईंनी ती तोंडाला लावली आणि खाली ठेवलीच नाही. गळ्याची घाटी वरखाली होत होती, पाणी दाढीवरून सदऱ्यावर सांडत होतं. बाटली रिकामी होईपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहून बघत होतो.