तलासरीला गेलेलं अमेरिकन आरमार

अमेरिकेच्या आरमाराशी माझा संबंध आला तो चिकूमुळे. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. पण झालं तसंच.

पन्नासनंतरच्या दोन-चार वर्षांत कधीतरी मी डहाणू रोड स्टेशनवर पार्सल क्लार्क म्हणून बदलून आलो. मी नगरकडचा. आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाशी दिसलं तरी बरं वाटायचं, तिथे समुद्राची ओळख कुठून असणार? डहाणूला आल्यावर मला दोनच गोष्टी रोज दिसायला लागल्या, चिकू आणि करंड्या. संध्याकाळच्या गाडीला चिकूच्या करंड्या चढवायच्या, त्यांना चिठ्ठ्या लावायच्या आणि कुणाची करंडी अहमदाबादऐवजी दिल्लीला गेली तर त्याच्या शिव्या खायच्या, एवढंच काम.

करंडीत चिकूच्या खाली-वर रद्दी घालतात. ही रद्दी मसोलीच्या वाटेवर एका शेठच्या दुकानात मिळायची. शेठ गुजराती. मराठी सफाईनं बोलायचे, फक्त मधूनच त्यात गुजराती मिसळायचं. मी गाडीच्या वेळा सांभाळून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो, कारण गावात फुकट वाचायला मिळेल अशी ती एकच जागा होती. वाचनालय होतं, पण तिथे वर्तमानपत्राचं मधलं पान नेहमी पोस्टमास्तरांच्या हातात असायचं.

एके दिवशी शेठनी एक जाडजूड पुस्तक माझ्यासमोर टाकलं. "पारसलबाबू, हे घेऊन जा. माझ्या काही कामाचं नाही."

"का?"

"कागद बघा ना, गुळगुळीत. चिकूला घाम येतो. हा कागद घाम पीत नाही. फळ खराब होते."

पुस्तकात पानोपानी बोटींची चित्रं होती. चिकूचा घाम न पिणारा तो चकचकीत कागद चित्रांसाठीच वापरलेला होता. डहाणूजवळ चिखल्याला वाडीत बंगला बांधून राहिलेले एक पारशी गृहस्थ वारले होते. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईच्या गोदीत बोटी दुरुस्त करण्यात घालवली होती आणि महायुद्धात तिथे येणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्यांशी त्यांची दोस्ती झाली होती. तेव्हापासून ते अमेरिकेच्या आरमाराची आणि फौजेची पुस्तकं मागवत राहिले. पुतण्यांनी वाडी ठेवली आणि पुस्तकं शेठला विकली. साध्या कागदाची पुस्तकं चिकूबरोबर देशभर गेली. गुळगुळीत कागदाची माझ्या वाट्याला आली. त्यात शेतीवरची असती तर मी शेतीचा जाणकार झालो असतो.

तेव्हापासून मला नाद लागला. चिखल्याचा साठा संपला तसं शेठ मुंबईहून येणाऱ्या गठ्ठ्यांतून त्या विषयाचं काही निघालं की बाजूला ठेवू लागले. मी मुंबईला गेलो की फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे बसायचो. पण संच म्हणून पुरा कधी मिळाला नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा माझ्याकडे दुसरा भाग होता आणि चौथा होता. पहिल्या आणि तिसऱ्यात चिकू गुंडाळले गेले असावेत. त्यामुळे ते लोक भांडायला का लागले हे मला बरीच वर्षं कळलं नाही. मात्र लोखंडी पत्रे ठोकलेल्या दोन बोटींनी एकमेकींवर अख्खी सकाळ तोफा डागल्या, कुणाचंही फारसं बिघडलं नाही आणि दोघींनी घरी जाऊन आपणच जिंकलो असं सांगितलं, हे मला पाठ होतं. आमच्या पार्सल ऑफिसात आणि माल ऑफिसात हेच चालायचं, म्हणून ते मला पटकन समजलं.

बायकोनं पहिली काही वर्षं दुर्लक्ष केलं. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्या, त्यातली एक भिंत अमेरिकेनं व्यापली तेव्हा ती म्हणाली, "अहो, या बोटी कधी सुटायच्या आहेत का? की इथेच नांगरून ठेवणार?"

मग बासष्ट साल आलं. चीननं हल्ला केला, अमेरिकेनं मदत पाठवली आणि मी एकदम मोठा माणूस झालो. चिकूच्या व्यापाऱ्यांनी शाळेच्या सभागृहात माझं व्याख्यान ठेवलं. विषय होता, 'आपल्या मित्रराष्ट्राचं आरमार'. मला हार घातला. मी लोखंडी बोटींची लढाई रंगवून सांगितली. शेवटी एका बागायतदारानं विचारलं, "हे आरमार लडाखला कधीपर्यंत पोचेल?"

मी म्हटलं, "लडाखला समुद्र नाही."

सभेत थोडी नाराजी पसरली. अध्यक्षांनी सावरून घेतलं. म्हणाले, "ते त्यांचं ते बघतील. एवढा पुढारलेला देश आहे." टाळ्या झाल्या. पुढे काही महिने बाजारात मला कुणी उभं राहू दिलं नाही, बसायला खुर्ची मिळायची.

तीनच वर्षांत पाकिस्तानशी लढाई जुंपली. त्यांचे रणगाडे अमेरिकन, विमानं अमेरिकन. माझी पुस्तकं होती तिथेच होती, त्यातलं एक अक्षरही बदललं नव्हतं. पण आता बाजारात लोक माझ्याकडे बघून आवाज खाली आणू लागले. खिडक्यांना काळे कागद लागले होते. समुद्राकडून कुणी येईल अशी धास्ती होती. अशात आमचा मालबाबू माझ्याकडे चहाला आला. त्यानं एका पुस्तकातला घडीचा नकाशा उलगडून बघितला आणि चहा अर्धा टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फौजदार आले. बरोबर एक हवालदार. फौजदार चाळिशीचे असतील, साताऱ्याकडचे, उंच, मिशा कोरलेल्या. आत येताना त्यांनी चपलांच्या ओळीशेजारी बूट काढून ठेवले, हे मला अजून आठवतं. संशयिताच्या घरी बूट काढून येणारा फौजदार मी दुसरा पाहिला नाही.

त्यांनी तोच नकाशा मागितला. बराच वेळ बघितला.

"ही खाडी कुठली?"

"अमेरिकेतली, साहेब."

"आपल्या डहाणूच्या खाडीसारखी दिसते."

"सगळ्या खाड्या सारख्याच दिसतात."

"तेच तर," ते म्हणाले. "आणि हे बाण कसले?"

"तिकडून बोटी आल्या होत्या. शंभर वर्षांपूर्वी."

"कशावरून?"

मी मजकूर दाखवला. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत दिलं. "इंग्रजी मला बेताचं येतं. पण तक्रार आली म्हटल्यावर बघावं तर लागणार. पुस्तकं तपासायला नेतो. हरकत आहे?"

हरकत घेण्यासारखे ते दिवस नव्हते. हवालदारानं पुस्तकं पोत्यांत भरली. बायकोनं पोती धरू लागायला पदर खोचला, तिचा उत्साह मला जरा जास्तच वाटला. रिकाम्या झालेल्या फळ्यांवर तिनं संध्याकाळपर्यंत पापडांचे डबे लावले.

लढाई थांबली. काळे कागद निघाले. पुस्तकं काही आली नाहीत. मग कळलं की फौजदारांची तलासरीला बदली झालीय आणि तपास आपल्याकडेच आहे म्हणून ते पोती बरोबर घेऊन गेलेत. मी महिनाभर वाट बघितली आणि एका रविवारी एस.टी.नं तलासरीला गेलो. गाडीत वारली बाया होत्या, त्यांच्या टोपल्यांत सुकट. मी एकटाच इस्त्रीचा शर्ट घालून, अमेरिकेचं आरमार सोडवायला निघालेलो.

फौजदारांचं बिऱ्हाड हमरस्त्यापासून आत, कौलारू घरात होतं. बायकोमुलं गावी, हे एकटेच. पुस्तकं पोत्यांतून काढून कॉटखाली नीट रचलेली होती. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि संशयिताला तो दिसू नये म्हणून ते जरा कडक झाले.

"तपास कुठवर आलाय, साहेब?"

"चित्रं बघून झाली. मजकुराशी अडलंय." मग म्हणाले, "आलाच आहात तर तुम्हीच वाचून दाखवा. मराठीत सांगा. म्हणजे मला खात्री करता येईल."

असा माझा रविवारचा क्रम सुरू झाला. ज्याची चौकशी चाललीय त्यानंच पुरावा वाचून दाखवायचा आणि चौकशी करणाऱ्यानं त्याला चहा करून द्यायचा. मी परिच्छेद वाचायचो, मराठीत सांगायचो. फौजदार भिंतीला टेकून ऐकायचे. चांगलं ऐकायचे. कुठला सेनापती मूर्ख आहे हे त्यांना माझ्याआधी कळायचं. "हा माणूस वरच्यांना खरं कळवत नाहीये," ते म्हणायचे, आणि दोन पानांनी तसंच निघायचं. आक्षेपार्ह काही सापडलं नाही हे पहिल्या दोन रविवारांतच ठरून गेलं होतं. पण तसं लिहून दिलं तर पुस्तकं परत द्यावी लागली असती, आणि लढाई ऐन रंगात आलेली असायची. त्यामुळे तपास लांबत गेला.

प्रत्येक नवं पुस्तक हातात घेतलं की ते एक प्रश्न विचारायचे. "यात आपली माणसं येतात का हो?"

"नाही, साहेब. हे अमेरिकेतलं आहे."

"बरं, वाचा."

मला वाटायचं, देशप्रेमापोटी विचारतात. पावसाळा संपत आला तेव्हा महायुद्धावरच्या पुस्तकांची पाळी आली. त्यांत एक ब्रह्मदेशच्या आघाडीवरचं होतं. जंगलातून रस्ता काढणाऱ्या अमेरिकन तुकड्यांची हकिगत. ब्रह्मदेश म्हटल्यावर फौजदार भिंतीपासून सरळ झाले.

"माझा थोरला भाऊ तिथे कामी आला," ते म्हणाले. "तार आली. कुठे, कसा, काहीच नाही. आईनं मला विचारलं, तू शाळेत जातोस ना, बघ की कुठल्या पुस्तकात असेल तर. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. पुस्तक कुठून आणणार होतो?"

भावाचं नाव त्यांनी सांगितलं, पलटण सांगितली. मी पुस्तकाच्या शेवटची नावांची सूची बघितली. तिच्यात सेनापती होते, नद्या होत्या, खेचरांच्या एका जातीचं नावसुद्धा होतं. भावाची पलटण नव्हती. मग आम्ही पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दर रविवारी वाटायचं, पुढच्या प्रकरणात येईल. दीडशे पानं जळवा आणि मलेरिया. अमेरिकन शिपायाला टपालातून केक आला, तो जंगलात मुंग्या लागून गेला, यावर दोन पानं. फौजदार तेही मन लावून ऐकायचे.

पुस्तक संपायला आलं तेव्हा एक ओळ सापडली. मी ती आधी मनातच वाचली. त्यांनी ओळखलं.

"काय आहे?"

"या भागात हिंदी पलटणींनीही कामगिरी बजावली, असं लिहिलंय."

"आणि?"

"एवढंच. पुढे पाऊस सुरू झाल्याचं आहे."

"इंग्रजीत वाचा," ते म्हणाले. मी वाचलं. "परत वाचा." मी परत वाचलं. त्यांनी पुस्तक मागून घेतलं. त्या ओळीवर मी बोट ठेवून दाखवलं, मग त्यांनी स्वतःचं बोट ठेवलं आणि एकेक शब्द लावत ती ओळ आपली आपण वाचली. दमल्यासारखे झाले. मग म्हणाले, "चला, आलं तर खरं. आईला सांगतो, पुस्तकात आलंय म्हणून."

"साहेब, अर्धीच ओळ आहे."

"तिला वाचता येत नाही," ते म्हणाले. "ती किती आहे हे कोण सांगणार तिला?"

चारशे पानांच्या पुस्तकात आमच्या वाट्याला आलेली अर्धी ओळ, तीही पावसाच्या आधीची. पण त्या दिवशी त्यांनी मला जेवायला थांबवून घेतलं. स्वतः भाकऱ्या थापल्या. एस.टी.पर्यंत पोचवायला आले तेव्हा रस्त्यावरचे लोक बाजूला होत होते. त्यांना वाटलं असणार, मला कुठेतरी नेतायत.

दिवाळीनंतर त्यांची सोलापूरकडे बदली झाली. मी म्हटलं, ते ब्रह्मदेशचं पुस्तक तुम्ही ठेवून घ्या. त्यांनी नको म्हटलं. "तुमचा संच मोडेल."

"माझा एकही संच पुरा नाही, साहेब."

"तरी नको. मी घेऊन काय करू? ट्रंकेत पडेल. तुमच्याकडे कुणी वाचेल तरी." मग हसून म्हणाले, "शिवाय तो पुरावा आहे. मला नेता येत नाही."

पोती पोलिसांच्या गाडीतून भर बाजारातून माझ्या दारात आली. हवालदारानं ती उतरवून ओट्यावर ठेवली आणि सलाम ठोकला. समोरच्या क्वार्टरमधून मालबाबू बघत होता. त्याला काय समजावं हे कळेना, म्हणून त्यानंही मला नमस्कार केला.

बायको पोत्यांकडे बघत उभी राहिली. मग विचारलं, "वर्षभर दर रविवारी काय वाचत होता तुम्ही तिथे?"

मी ब्रह्मदेशचं पुस्तक पोत्यातून शोधून काढलं. ती ओळ काढली, वाचली, मराठीत सांगितली. फौजदारांच्या भावाचं सांगितलं, आईचं सांगितलं. तिनं पुस्तक हातात घेऊन ती ओळ नुसती बघितली. तिला इंग्रजी येत नव्हतं.

"नाव काय होतं त्यांच्या भावाचं?"

मी सांगितलं. तिनं ते एकदा स्वतःशी म्हटलं, आणि फळीवरचा पापडाचा एक डबा उचलून खाली ठेवला. तिथे ते पुस्तक मावलं. बाकीचं आरमार आमची वलसाडला बदली होईपर्यंत पोत्यांतच राहिलं.