फाटकापर्यंतची वाट

ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कबरी झाडून चुना लावतात. मी आईच्या कबरीपाशी फुलं घेऊन नुसतीच उभी होते. शेजारच्या रूथमावशी मात्र नवऱ्याच्या कबरीपासून थेट फाटकापर्यंत वाकून काटे वेचत होत्या.

“मावशी, कबर तर पांढरीशुभ्र झाली. आता वाट कशाला?”

“अगं, उठतील तेव्हा अनवाणीच असतील ना!” जणू काका दुपारच्या गाडीनं यायचे होते.

मला हसू फुटलं. मेलेले उठतील, असं दर रविवारी चर्चमध्ये मीही मोठ्यानं म्हणते. पण त्यासाठी कधी कंबर वाकवली नव्हती. 

फुलं ठेवली, पदर खोचला. आईच्या पायांना तर साधा खडासुद्धा सहन व्हायचा नाही.