जास्तीचं एक झाकण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तीस वर्षांत फार थोड्या गोष्टी लपल्या आहेत. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि परवा वैशाली येणार आहे म्हणून.

मी बीडजवळ पालीत जनावरांवर उपचार करतो. शिक्षण पदविकेचं, पण गाव डॉक्टर म्हणतं आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. — सांगायचा गुन्हा तो नव्हे, तो किरकोळ. अलीकडे माझं नाव भलत्याच कारणाने झालंय. गेवराईहून, नांदूरघाटहून सर्पमित्रांचे फोन येतात. पकडलेल्या सापाच्या अंगावर किडे दिसले की म्हणतात, पालीच्या डॉक्टरला विचारा. मी सांगतो, आणि बरोबर सांगतो. पण हे नाव मी कमावलं कसं? तेच सांगायला बसलोय, आणि बघा, घाण्याच्या बैलासारखा गोल फिरतोय.

वैशाली आमच्या गल्लीतली. सहा वर्षांपूर्वी घरून काम करायची सोय झाली तशी ती पुण्याहून आईकडे राहायला आली, आणि येताना एक अजगर घेऊन आली. आपल्या रानातला नव्हे. परदेशी जातीचा, दोन हात लांब, सरकारदरबारी रीतसर नोंद केलेला. घाबरला की अंगाचा गोळा करून आत तोंड लपवायचा, म्हणून नाव लाडू. गावाने पोरीला वेड्यात काढलं. मीही हसलो. पण वडील गेल्यापासून ती हसताना दिसायची ती लाडूपाशीच.

एका सकाळी ती माझ्या दारात आली. लाडू दोन दिवस पाण्याच्या भांड्यातून बाहेर येत नव्हता, आणि पाण्यात खसखशीएवढे काळे ठिपके दिसत होते. मी गेलो. म्हणजे — उंबऱ्यापर्यंत गेलो. खरं सांगू? मी सापाला भितो. उधळलेल्या बैलाच्या वेसणीला हात घालणारा मी, त्या दोन हात लांबीच्या जिवाजवळ जाऊ शकलो नाही. उंबऱ्यातूनच पाहिलं आणि छातीठोकपणे म्हणालो, "गोचीडच हाय बाई. म्हशीला लावतो तेच औषध लाव."

ते गोचीड नव्हते. सापाच्या खवल्यांत शिरून रक्त पिणारे माइट नावाचे बारीक किडे होते. जवळ गेलो असतो तर कळलं असतं का? निदान विचारावंसं तरी वाटलं असतं.

आमच्याकडे गोचिडाच्या औषधाची एक रीत आहे. बाटलीवरच्या मापावर कुणाचा विश्वास नसतो. सांगितलेलं झाकण ओतायचं आणि वर जास्तीचं एक — फिकं औषध गोचीड पचवतात म्हणे. मीच हे लोकांना वर्षानुवर्षं सांगत आलो. म्हशीचं कातडं ते सोसतं. मी तांब्याभर पाण्यात एक झाकण ओतलं. मग सवयीने दुसरं. आणि भिजवलेलं फडकं वैशालीच्या हातात दिलं.

तासाभरात लाडूचं डोकं थरथरायला लागलं. उलटा पडला, तर त्याला सरळ होता येईना. ती रडली नाही, नुसती कोमट पाणी ओतून त्याला धूत राहिली. मान वर न करता तिने विचारलं, "काका, औषध जास्त झालं का हो?"

इथे हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणालो, "औषधाचं काई न्हाई. जुनी काचपेटी न बघता आणलीस, वर दाखवायला लई उशीर केलास. तुज्याच हातानं झालं हे."

लाडूला ठेवायची पेटी कुणाची तरी वापरलेली, जुनी होती हे खरं. किडे तिच्यातूनच आले असणार, हेही खरं. म्हणून तर माझं खोटं खपलं. पण किड्यांनी तो असा तडफडला नसता — आणि हे मला त्या क्षणी माहीत होतं.

आठवडाभर रजा घेऊन तिने त्याला जगवलं. गाव म्हणालं, डॉक्टरने सापसुद्धा वाचवला. मी ऐकून घेतलं. मग पुण्याला परत जाताना तिने पेटी माझ्या ओट्यावर ठेवली. म्हणाली, "तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, काका. माज्या हातून जगायचा न्हाई त्यो." नंतर तिने मांजरसुद्धा पाळलं नाही. तिची आई हे सांगते तेव्हा मी तिच्याच घरचा चहा पीत असतो.

लाडूला पहिल्यांदा उचललं ते माझ्या बायकोने. "कावून भेता इतकं? त्योच तुमाला भेतोय!" नागपंचमीला ती पाटावर नाग काढते, तोही आता लाडवासारखा गोल. मी लाजेपायी शिकलो. वाचलं, शहरातल्या जाणत्या डॉक्टरांना फोन केले. आता दर आठवड्याला पांढरा ओला रुमाल लाडूच्या अंगावरून फिरवतो आणि उजेडात धरतो. डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची खाच बघतो. पेटीत पांढरा कागद घालतो, त्यावर काळा ठिपका लपत नाही. दुसऱ्या सापाला हात लावून आलो तर अंघोळ करून, कपडे बदलूनच त्याच्याजवळ जातो. औषध सिरिंजने मोजतो. गेल्या आठवड्यात त्याने कात टाकली, डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध. मला इतका आनंद झाला की वैशालीला फोन करावासा वाटला, आणि मग वाटलं, कुठल्या तोंडाने?

फोन तिचाच आला. तिच्या तीन वर्षांच्या लेकीला लाडू बघायचाय. म्हणाली, "लांबनंच बघू आमी. माजा हात लागायला नको त्याला."

सहा वर्षं झाली. अजून.

परवा ती येईल. तिने चप्पल काढायच्या आत सांगणार आहे, बायकोसमोर आणि तिच्या आईसमोर. पेटी धुऊन उन्हात वाळवलीय. नोंदीचे कागद तिच्याच नावाचे आहेत, ते पेटीवर ठेवलेत. कात वर्तमानपत्रात जपून ठेवलीय, लेकीसाठी. मग लाडूला उचलून वैशालीसमोर धरीन. घ्यायचं की नाही, ते ती ठरवेल.

दोन्ही झाकणं मी ओतली होती. जगवलं तिच्या हातांनी.