नाव असलेली हाडं

फोन आला तेव्हा मी दौंडला वडिलांच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. पलीकडून कुरकुंभचा एक कामगार मित्र बोलत होता. भूषण पाळी संपवून सकाळी मोटरसायकलवरून निघाला होता. पाटसच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली चाक निखळून रस्त्यातच उभी होती, मागे ना दिवा ना रेडियम, त्यात धुकं... भूषण तिच्यावर आदळून जागीच गेला होता. छपाईचं यंत्र मात्र चालूच होतं.

बुद्धभूषण वडगाव रासाईचा. आमची ओळख विद्यार्थी संघटनेतली. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी, अक्षरं गिरवली तीसुद्धा मागण्यांची. त्याला घोषणा जमत नसत. पुण्याला विद्यापीठात तो माणसाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायचा. सकाळी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जनुकं, दुपारी मेडिकल कॉलेजात शरीररचना आणि सुट्टीत पुरातत्त्ववाल्यांबरोबर उत्खनन. "रक्त एका इमारतीत, हाडं दुसऱ्या, मडकी तिसऱ्या. माणूस मधल्या रस्त्यावर, आन् मी बी तिथंच," असं तो म्हणायचा. गावातल्या लग्नात पंगत उठली की हा पोरांची तोंडं उघडून अक्कलदाढा बघत बसे. बायका हसायच्या, बाजारात घोडं घ्यायला आल्यासारखा काय बघतोय म्हणून. तो मान वर न करता म्हणायचा, घोडं असतं तर एवढं बोललं नसतं.

एकदा फाट्यावरच्या हॉटेलात पाटील आबा आपल्या कुळाच्या मोठेपणाबद्दल बोलत होते. भूषणनं चहा संपवला आणि शांतपणे म्हणाला, "आबा, लई मागं गेलं तर तुमची आन् माझी आजी एकच निघती. आफ्रिकेतली." मग आबा म्हणाले, "मंग काय, वाटणी मागायला आलास व्हय?" सगळे हसले, आणि सगळ्यात जास्त भूषण हसला. मी मात्र रागानं पेटले होते. ज्यांच्या बांधावर आमच्या आज्या राबल्या त्यांच्या विनोदावर हसायचं कसं? परतताना त्याच्याशी भांडले. तो एवढंच म्हणाला, की हसले म्हणजे त्यांनी ऐकलं तरी, तुझं पत्रक ते भजी बांधायला घेतात.

त्याचं एक म्हणणं मात्र माझ्या कुठल्याही पत्रकापेक्षा जळजळीत होतं. शरीररचनेच्या वर्गात टांगलेले सांगाडे कुणाचे, हे त्यानं पहिल्याच वर्षी विचारलं होतं. बेवारसांचे, असं उत्तर मिळालं. कुणी फुटपाथवर गेलेलं, कुणी सरकारी वॉर्डात. त्यांच्या मणक्यांवर ओझ्याच्या खुणा होत्या, पण ओझं कशाचं, कुठल्या गावचं, ते सांगायला कुणी नव्हतं. म्हणून त्यानं देहदानाची नोंद केली. आपला सांगाडा नावगावासकट तिथं राहावा, हा माणूस भीमेकाठचा, अमक्या आईबापाचा, हे पुढच्या मुलांना कळावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्याच्या वडिलांना, तात्यांना, ते पटेना. ते जन्मभर उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहत आलेले. त्यांनी विचारलं, "जित्तेपणी लोकांचंच केलं. आता मेल्यावर बी त्यांच्याच कामाला जायचं?" भूषण म्हणाला, "कामाला न्हाई तात्या. शिकवायला जायचं. आपल्यातलं कुणी मास्तर झालं न्हाई ना, मी होतो." मग बऱ्याच दिवसांनी तात्या भाकरी मोडता मोडता म्हणाले, मंग माझं बी नाव घाल.

पीएचडीला प्रवेश मिळेपर्यंत तो कुरकुंभच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला होता. तिथून येताना हे झालं.

अपघाती मृत्यूत शवविच्छेदन करावंच लागतं. एरवी मला हे कुणी सांगायची गरज नव्हती. कंत्राटी कामगार मेला की पोस्टमॉर्टेम झालंच पाहिजे, अशी पत्रकं मीच लिहीत आले होते. त्या दिवशी मात्र सरकारी दवाखान्याच्या दारात मी हवालदारांपुढे हात जोडून, ते नका करू म्हणत होते. ते वाईट वागले नाहीत. "ताई, आमच्या हातात न्हाई," एवढंच म्हणाले. मेडिकल कॉलेजला फोन लावला. चिरफाड झालेला देह आम्हाला घेता येत नाही, असं तिथल्या बाईंनी दोनदा समजावून सांगितलं. नियम बरोबर होता. कायदाही बरोबर होता. मी भांडायचं कुणाशी... त्या ट्रॉलीशी?

भीमेच्या काठी त्रिसरण म्हटलं आणि त्याला अग्नी दिला. अस्थी गोळा करायला मीही गेले. माणसाच्या मांडीचं हाड आत झुकलेलं असतं, म्हणून तो दोन पायांवर तोल सांभाळतो, हे त्यानं मला कधीतरी मॉडेल हातात देऊन शिकवलं होतं. राखेत त्याच हाडाचा एक तुकडा सापडला. डावा की उजवा, मला ओळखता आलं नाही. शिकवणारा तोच होता.

नंतर मी पत्रक काढलं. उसाच्या प्रत्येक ट्रॉलीला मागे रेडियम लावा, म्हणून. कारखान्याच्या गेटवर वाटलं. ट्रॅक्टरवाल्यांनी घेतलं, घडी करून खिशात ठेवलं. गळीत हंगाम चालू आहे. काल वडगावला जाताना तीन ट्रॉल्या लागल्या, तिन्ही मागून काळ्या.

वडगावला तात्यांच्या घरी फळीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी भूषणच्या दातांचा प्लास्टरचा साचा आहे. प्रॅक्टिकलसाठी त्यानं तो स्वतःच्याच दातांवरून बनवला होता. लहानपणी ऊस सोलताना टवका उडालेला पुढचा दात त्यात जसाच्या तसा उठलाय. खाली खिळ्यानं कोरलंय, नाव आणि गाव. तात्यांनी तो खाली घेतला, टॉवेलनं पुसला आणि वरचा जबडा खालच्यावर बसवला.

"माझं तरी घेत्यात न्हवं?" त्यांनी विचारलं. "मंग माझ्यासंगं ह्ये बी तिथं ठेवायला सांग. नाव त्याचं लाव."

असा काही नियम आहे का, मला माहीत नाही. तात्यांनी साचा टॉवेलमध्ये गुंडाळला, फळीवर ठेवला, आणि धूळ बसू नये म्हणून टॉवेलचं टोक आत खोचलं.