साडेपाचची गाडी आणि सिनेमाचा शेवट

पानठेल्यावर माणसं पान खायला येतात, हा शुद्ध गैरसमज आहे. माणसं येतात बोलायला. पान हे निमित्त, आणि तेही अर्धे लोक दुसऱ्याचं खातात. बोलून झालं की आपलं बोलणं तिथंच टाकून घरी जातात, ते झाडून काढायचं काम ठेलेवाल्याचं. मी ठेला बंद करून जमाना झाला, पण डोक्यातला हा कचरा काही निघत नाही. निघावा असं वाटतही नाही म्हणा.

आमचं गाव सानगडीच्या अलीकडे. टीव्ही सरपंचाच्या घरीसुद्धा यायचा होता तेव्हाची गोष्ट. पिच्चर म्हणजे भंडारा. गावची बस दुपारी दीडला तिथं पोचायची, म्हणजे बाराचा शो हुकलेला. मग तीनचा शो. आणि तीच बस साडेपाचला परत निघायची, ती शेवटची. रात्री गावातच मुक्कामी. तीनचा पिच्चर सुटायचा सहाला. आता हिशेब तुम्हीच करा.

म्हणजे आमच्या गावात कोणी सिनेमाचा शेवट पाहिलेलाच नव्हता! हिरो खलनायकाच्या अड्ड्याच्या दाराशी पोचला रे पोचला, की आमचं अख्खं गाव थैल्या सावरून उठायचं. आणि सोमवारी सकाळी माझ्या ठेल्यावर त्याच पिच्चरवर अशी मतं ठोकायचं, की काढणाऱ्यानं ऐकली असती तर धंदा सोडून शेती केली असती.

याचं खरं दुःख एकाच माणसाला होतं. कापडदुकानवाल्या बकारामजींच्या घरच्या, कौसल्यावैनी. त्यांना दागिना नको, लुगडं नको, लग्न झाल्यापासून एकच आस. एका तरी पिच्चरचा शेवट डोळ्यांनी पाहायचा. "एक शेवट, बास. मंग मी काहीच मागत नाही," असं त्या माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या होत्या. भंडाऱ्याला त्यांची मावशी होती, तिच्याकडे एक रात्र राहू म्हणाल्या. बकारामजी म्हणाले, शेवटासाठी मुक्काम कायले करायचा? शेवट मी सांगतो ना!

*

मतं ठोकणाऱ्यांत आधी डोमाजी. जातिवंत शेतकरी. त्याला पिच्चरची गोष्ट कधीच कळली नाही, कारण त्याचं लक्ष मागच्या शेताकडे असायचं.

एका पिच्चरमध्ये हिरो-हिरोईन गाणं म्हणत म्हणत भरल्या धानातून पळत सुटले. आम्ही सगळे गाण्यात गुंग. डोमाजी खुर्चीवरून उठला आणि पडद्याकडे हात करून ओरडला, "बांधावरून चाला ना बे!" डोअरकीपरनं येऊन खाली बसवला, तरी तो पुटपुटतच होता. नंतर हिरोईनच्या बापाला सावकारानं घराबाहेर काढलं, बाया रडायला लागल्या, वैनींचा तर पदर भिजला. डोमाजीच्या डोळ्यात टिपूस नाही.

सोमवारी ठेल्यावर विचारलं, का गा, तुले काहीच वाटलं नाही?

"कायचं वाटन? पोरीनं नाचून नाचून बापाची धानाची अख्खी बांधी झोपवली. गरीब नाही होईन तं काय होईन?"

*

दुसरे कवडू मास्तर. शाळेत जितके कडक, तितकेच टॉकीजमध्ये. ते प्रत्येक पिच्चरला शंभरपैकी मार्क द्यायचे आणि प्रत्येक पिच्चर नापास करायचे. गाणी छान, मारामारी छान, रडणं छान, आणि निकाल नापास.

मी एकदा वैतागून विचारलं, की मास्तर, काहून? इतका चांगला पिच्चर होता.

मास्तरांनी पानाची पिचकारी टाकली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त मार्कांचा असते. तो कोणी सोडवलाच नाही, तं मी पास कसा करू?"

*

आणि शेवट सांगायचा मक्ता बकारामजींचा. कापड फाडावं तसा टर्रकन शेवट फाडून द्यायचे. बसमध्ये बसले की सुरू. त्यांच्या शेवटात खलनायक मरायचा नाही. त्याला पश्चात्ताप व्हायचा, तो हिरोची माफी मागायचा आणि गावात दुकान टाकायचा. बहुतेक वेळा कापडाचंच.

पण शेवट तो शेवट. गाव ऐकून घ्यायचं आणि शांत झोपायचं. झोपायच्या नाहीत त्या वैनी.

एकदा डोमाजीचा जावई आला. वरठीला कारखान्यात होता, सायकलनं भंडाऱ्याला जाऊन आरामात पिच्चर पाहायचा. पुरा पिच्चर पाहणारा माणूस, शेवटासकट! त्यानं ठेल्यावर खरा शेवट सांगितला, की खलनायक हा हिरोचा सख्खा काका निघते आणि पोलीस त्याले बेड्या घालून नेतेत.

 मग बकारामजींनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. सख्खा काका असं करन का, म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या, नाहीच करणार. मास्तरांनी विचारलं, पुरावा काय? डोमाजी बिचारा खाली मान घालून बसला. रात्री त्यानं पोरीला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझा नवरा बाकी सगळं ठीक आहे, पण फेकते लय. जावई होता म्हणून सोडला, नाहीतर गावानं ठेवला नसता.

*

मग लक्ष्मणभाऊ ड्रायव्हरलाही पिच्चरचा नाद लागला. दीड ते साडेपाच त्याला भंडाऱ्यात काम काय? टॉकीज स्टँडला लागूनच, आला आमच्यासोबत.

आम्हाला कोण आनंद! ड्रायव्हर आत आहे तोवर गाडी जाते कुठं? घड्याळ पाहायची गरज संपली, साडेपाचला तो स्वतःच उठणार. पण झालं असं, की पिच्चर पाहायचा सोडून सगळं गाव लक्ष्मणभाऊकडे पाहायला लागलं. तो हलला की आम्ही हललो. तो खोकला की बाया थैल्या उचलायच्या.

एकदा ऐन मारामारीत तो उठला. झालं! आमच्या चार ओळी खडाखड उठल्या. आमचं पाहून भंडाऱ्याच्या लोकांना वाटलं पिच्चर सुटला, तेही उठले. निम्मी टॉकीज बाहेर रस्त्यावर. आणि तिथं लक्ष्मणभाऊ शांतपणे फल्लीदाणे विकत घेऊन राहिला होता. त्यानं एवढी पब्लिक पाहिली आणि मलाच विचारलं, "काय गा, आत साप निघाला का?"

*

आता तो रविवार. पिच्चरमध्ये एका मायचा पोरगा लहानपणी जत्रेत हरवलेला. मोठा होऊन तिच्याच गल्लीत भाजी विकते, पण दोघंही एकमेकांना ओळखत नाहीत. इंटरव्हलपासूनच टॉकीजमध्ये हुंदके. वैनी नेहमी लेडीजमध्ये बसायच्या, त्या दिवशी मात्र त्यांनी लक्ष्मणभाऊच्या बरोबर मागची खुर्ची धरली होती. म्हणाल्या, लेडीजमध्ये पंखा लागत नाही.

लक्ष्मणभाऊची एक सवय होती. दिवसभर इंजिनजवळ पाय तापायचे, म्हणून बसला की चपला काढून खुर्चीखाली सारायचा.

पडद्यावर माय देवळाच्या पायऱ्या चढून राहिली, पोरगा त्याच पायऱ्या उतरून राहिला. आणि नेमका तेव्हाच लक्ष्मणभाऊ खाली वाकला. पायानं चाचपलं, हातानं चाचपलं. एक चप्पल आहे, दुसरी नाही! "माही चप्पल कोठी गेली बे?" म्हणाला, आणि खुर्चीखाली शिरला.

ड्रायव्हरची चप्पल म्हणजे गावाची चप्पल. डोमाजी शिरला, मास्तर शिरले, बकारामजी शिरले, मीही शिरलो. मागून पुढून शिव्या, बसा ना खाली, म्हणून लोक ओरडून राहिले. आम्ही खालीच होतो, आणखी किती खाली बसायचं? मला विड्यांची थोटकं सापडली, अर्धा नारळ सापडला, मास्तरांचा चष्मा सापडला. चप्पल नाही. वर पडद्यावर काहीतरी मोठं घडत होतं, संगीत एवढं वाढलं की खुर्च्या थरथरायला लागल्या. मग टाळ्या पडल्या, दिवे लागले, आणि आम्ही गुडघ्यांवर उभे राहिलो.

पडदा पांढरा होता. आमच्या सगळ्या ओळींत एकच माणूस खुर्चीवर बसलेला होता. कौसल्यावैनी. डोळे पदरानं पुसत होत्या.

लक्ष्मणभाऊनं एक पाय उघडा ठेवून गाडी काढली. साकोली आली. मग बकारामजींनी घसा खाकरला. जन्मात पहिल्यांदा तो माणूस दुसऱ्याला शेवट विचारत होता. "अव, भेटला का पोरगा मायले?"

"तुमाले तं सगळे शेवट ठाऊक असतेत ना," वैनी म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहायला लागल्या.

सगळ्या बसनं विनवलं. डोमाजीनं तर हात जोडले. वैनी ढिम्म. गाव आलं तसं त्या उठल्या, थैलीत हात घातला, वांग्यांच्या खालून चप्पल काढली आणि लक्ष्मणभाऊच्या समोर बोनेटवर ठेवली.

आम्हाला वाटलं, आता हा भडकते. लक्ष्मणभाऊनं चप्पल पाहिली, वैनींकडे पाहिलं.

"चप्पल जाऊ द्या वैनी. पोरगा भेटला का, ते सांगा."

"उद्या गाडी उशिरा काढा. मंग समजन," वैनी म्हणाल्या आणि उतरून चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी साडेपाचची गाडी गावात पाऊण तास उशिरा आली. आम्ही सगळे ठेल्यावर वाटच पाहत होतो. लक्ष्मणभाऊ उतरून आला, डोळे रडून लालभडक. मी विचारलं, "भेटला का गा?"

त्यानं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं.

"पान लाव," म्हणाला.